हमाल क्रमांक दोन

ईरी गावात नोव्हेंबर लागला की सरोवर आकाशात चढायचं
आणि बर्फ होऊन आमच्या अंगणात उतरायचं.
शुक्रवारी बाबा इंजिनांच्या कारखान्यातून सुटले
की पलुम्बोबाईंच्या दुकानाशी गाडी थांबवायचे.
तीन कॅसेटी. दोनांचं भाडं;
तिसरीचं बाई कधी घ्यायच्या, कधी विसरायच्या.

पहिल्या भागात वाळवंट, दुसऱ्यात नदी,
तिसऱ्यात बर्फ, ज्याचं आम्हाला काडीचं अप्रूप नव्हतं.
नायक भूमापक, डाव्या पायाने लंगडा,
त्याचं खेचर त्याच्याहून शहाणं,
आणि जग बुडालं तरी त्याचा नकाशा कोरडा.
श्रीरंग पंधराचा, मी तेराची.
संवाद आम्हाला शुभंकरोतीपेक्षा पक्के पाठ,
असं आई म्हणायची,
आणि त्यात खोटं काही नव्हतं.

त्याला आधी मी पाहिलं.
पहिल्या भागात, डोक्यावर पेटी घेतलेला.
"साहेब, वाळू हलतेय," एवढंच त्याचं वाक्य.
मग वाळू हलली.
दुसऱ्यात तोच माणूस, आता मिशी चिकटवून,
मगरीच्या वाटेला गेला.

श्रीरंगने पॉज दाबलं.
पडदा थरथरत राहिला,
पांढऱ्या रेघांच्या मागे तो चेहरा,
थेट आमच्या साताऱ्याच्या दत्तूमामासारखा.
"हा मागच्या भागात मेला ना?"
"हमालांना पुनर्जन्म असतो," श्रीरंग म्हणाला,
आणि आम्ही हसून गालिच्यावर लोळलो.

मग हसू ओसरलं.
त्या डब्यात आमच्यासारखा दिसणारा तो एकटा,
आणि त्याला मरण्यावाचून दुसरं काम नव्हतं.

तिथून पुढे नायक मागे पडला.
आम्ही हमालासाठी सिनेमे लावू लागलो.
साडेचार मिनिटं वाळूत, तीन मिनिटं पाण्यात,
पुढे-मागे करून फीत तिथेच चुरगळली.
पलुम्बोबाई चष्मा वर सारून म्हणाल्या,
"इथेच कशी खराब होते?
इथे तर काहीच घडत नाही."

तिसऱ्यात तो अगदी शेवटी.
बर्फाच्या काठावरून होडी निघते,
नायक आत, बाई आत, पेटी आत, खेचरसुद्धा.
हा दोर सोडतो.
तुझं काय रे बाबा, असं कोणी विचारत नाही,
आणि कॅमेरा होडीबरोबर निघून जातो.
आम्ही वाट बघितली: कडा कोसळेल,
अस्वल येईल, काहीतरी.
संगीत आलं. नावं आली.
श्रीरंग ताडकन उभा राहिला:
"अगं, याला मारायचं विसरले!"

त्या रात्री अंगणातला बर्फ उपसता उपसता
आम्ही त्याला घर बांधून दिलं.
चूल दाराशी की भिंतीशी, यावर भांडलो.
मी म्हणाले भिंतीशी, धूर लागतो.
बाबा खिडकी ठोठावून ओरडले,
"रस्ता कधी मोकळा करणार?"

गेल्या महिन्यात लेकीसाठी तिन्ही भाग लावले.
चित्र इतकं लख्ख की मिशीचा गोंद दिसतो.
वीस मिनिटांत ती तिच्या खोलीत गेली.
मी एकटी शेवटापर्यंत बसले,
पळणाऱ्या बारीक अक्षरांत त्याला थांबवलं:
हमाल क्रमांक दोन. पुढे नाव.
ओर्तेगा.
आपल्यातला नव्हताच.

श्रीरंग आता फीनिक्सला असतो, वाळूच्या राज्यात.
वर्षाकाठी दोन फोन, तेही भाऊबीज धरून.
त्याला कळवलं. दोन तासांनी उत्तर आलं:
"तिकडे बर्फ किती?"

तिकडे म्हणजे ईरीत, की त्या काठावर,
ते त्याने लिहिलं नव्हतं.
मी लिहिलं, गुडघाभर.
चूल पेटलीय.
भिंतीशी.